तीन आठवड्यांचे तीन दिवस

माझ्या बायकोच्या आजारपणात पहिलं खोटं मी बोललो. ते आधीच सांगून टाकतो, कारण शेवटी सांगितलं तर तोवर तुम्ही मला चांगला माणूस समजून बसाल.

घराजवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कानडीत विचारलं, "एष्टु दिवसदिंद?" किती दिवसांपासून? नंदाच्या दंडांवर आणि मांड्यांवर निळे-जांभळे डाग उठले होते. दात घासताना हिरड्यांतून रक्त येत होतं, अंगात कणकण होती. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तीन आठवडे झाले म्हणावं." मी डॉक्टरांकडे वळून म्हणालो, "मूरु दिवस आय्तु, सर." तीन दिवस झाले.

आठवड्याला कानडीत 'वार' म्हणतात. मी 'मूरु वार' म्हणायला हवं होतं. जीभ अडखळली असं मी म्हणू शकत नाही. आमचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरात आहे, कानडी मला मराठीइतकीच येते. नंदा मात्र कऱ्हाडची. लग्नाला तेवीस वर्षं झाली तरी तिची कानडी भाजीवाल्यापुरती आणि साड्या घेऊन येणाऱ्या बायकांपुरती, असं मी धरून चाललो होतो. ती समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली. तिला कळलं नाही, असं मी समजलो.

मी खोटं का बोललो? तीन आठवड्यांपूर्वी तिनं मला पहिला डाग दाखवला होता. ती घरी साड्यांना फॉल-पिको करून देते, चिकपेटच्या बाजारातून गठ्ठे येतात. लॅपटॉपमधून मान वर न काढता मी म्हणालो होतो, "मशीनला धडकली असशील. स्वल्प अ‍ॅडजस्ट कर, माझं ऑडिट होऊन जाऊ दे." हे वाक्य आमच्या गावात रिक्षावाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतं. थोडं चालवून घ्या. नंदानं चालवून घेतलं. हिरड्यांचं सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "ब्रश बदल."

आणि त्या दिवशी आमच्या आधीच्या पेशंटवर डॉक्टर ओरडले होते, "दहा दिवस काय करत होता?" दहा दिवसांना एवढं, मग एकवीस दिवसांना किती? मी आकडा खाली आणला. आणला म्हणजे काय, एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द घातला.

मी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कारखान्यात क्वालिटीचं काम बघतो. सर्किट बोर्डात दोष सापडला की एक तक्ता भरायचा असतो. त्याचा पहिला रकाना: दोष प्रथम कधी दिसला. त्यात कुणी खोटी तारीख भरली तर मी त्याला सगळ्यांसमोर उभं करतो.

०

तीन दिवस, प्लेटलेट्स कमी, आणि गल्लीत घरटी डेंग्यू. डॉक्टरांनी जे ऐकलं त्यावरून बरोबरच विचार केला. "परवा परत रक्त तपासू. कुठूनही रक्त वाहायला लागलं तर वाट बघू नका, सरळ मोठं हॉस्पिटल गाठा." ते दोन दिवस मी फार कर्तव्यदक्ष नवरा झालो. पपईची पानं शोधून आणली, वाटली, रस काढला.

"अहो, कडू जहर आहे हे," नंदा म्हणाली.

"नंदू, डोळे मिटून पी."

मी तिला नंदू म्हणतो. कानडीत 'नंदु' म्हणजे 'माझं'. नवीन लग्न झालं तेव्हा शेजारच्या बायका हसायच्या, हा बायकोला 'माझं, माझं' म्हणून हाका मारतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या नाकातून रक्त सुरू झालं ते थांबेना. मुग्धा, आमची मुलगी, कॉलेजला निघाली होती. बॅग तशीच पाठीवर ठेवून ती आईचं नाक दाबून रिक्षात बसली. मांडीवर घेतलेला टॉवेल उड्डाणपूल संपेपर्यंत लाल झाला होता.

हॉस्पिटलमध्ये नर्सनं नंदाची बाही वर केली आणि तिच्या तोंडून निघालं, "अय्यो, पाप!" कानडीत याचा अर्थ 'बिचारी'. जन्मभर ऐकत आलो आहे. त्या दिवशी मला मात्र तो शब्द मराठीत ऐकू आला.

रक्ताच्या डॉक्टर मॅडम आल्या. पन्नाशीच्या, बोलताना चष्मा कपाळावर चढवायची सवय. त्यांनीही विचारलं, कधीपासून? मी म्हणालो, "पाच दिवस, मॅडम." तीन अधिक दोन. खोटं एकदा मांडलं की त्यात बेरीज करत राहावं लागतं. मॅडमनी नंदाच्या दंडावरच्या एका डागावर बोट ठेवलं. कडेनं तो पिवळा-हिरवा पडला होता. जुना डाग असाच दिसतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण पुढे विचारलं नाही. दुपारपर्यंत त्या परत आल्या आणि मला नि मुग्धाला बाहेर घेऊन गेल्या.

"ब्लड कॅन्सर आहे. एका खास प्रकारचा. पक्का रिपोर्ट यायचा आहे, पण मी औषध आत्ताच सुरू करते. या आजारात पहिले दिवस फार नाजूक असतात. कुठेही रक्तस्राव होऊ शकतो, डोक्यातसुद्धा. एकेक दिवस महत्त्वाचा."

एकेक दिवस. मी दोन घालवले होते.

मुग्धानं विचारलं, "आणि हे पहिले दिवस निघाले तर?"

मॅडमचा चेहरा बदलला. एखाद्याला त्याच्या गावाबद्दल विचारल्यावर खुलतो तसा. "निघाले, तर बहुतेक जण बरे होतात. अगदी बरे."

०

औषध म्हणजे एक कॅप्सूल. मी मनात मोठी यंत्रं, केस गळणं, उलट्या असं सगळं धरून बसलो होतो आणि नर्सनं माशाच्या तेलाच्या असतात तसल्या मऊ कॅप्सूल वाटीत आणून ठेवल्या. जेवणाबरोबर, दिवसातून दोनदा.

"एवढंच?" नंदा म्हणाली. "यापेक्षा तुमचा पपईचा रस जोरकस होता."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी समजावून सांगितलं. त्या कानडीत बोलत होत्या, मला जसं आठवतं तसं लिहितो.

"पांढऱ्या पेशी हाडांच्या आत जन्मतात, वाढतात, मोठ्या होतात, रक्तात येऊन काम करतात आणि थोड्या दिवसांत मरतात. तुमच्या मिसेसच्या पेशी मोठ्या व्हायचंच विसरल्या आहेत. एकाच यत्तेत बसून राहिलेली पोरं बघितलीत ना? पुढं जात नाहीत, बाक सोडत नाहीत, आणि नव्यांना जागा नाही. मोठ्या होत नाहीत म्हणून मरतही नाहीत."

"मग त्यांना मारायचं?" मी विचारलं.

"नाही. पास करायचं. ही कॅप्सूल, अ जीवनसत्त्वाच्या कुळातली, त्यांना वाढायची आठवण करून देते. वाढल्या की शहाण्यासारख्या वागतात. आणि वेळ झाली की आपल्या आपण मरतात."

कॅन्सर म्हणजे मरण, एवढंच मला ठाऊक होतं. मरण विसरणं म्हणजे कॅन्सर, हे कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या अंगात या घटकेला किती पेशी मुकाट्यानं, वेळेवर निरोप घेत असतील! त्या जातात म्हणून आपण राहतो. देवळात कधी न जोडले गेलेले हात त्या कन्सल्टिंग रूममध्ये आपोआप जोडले गेले. मॅडम म्हणाल्या, "हात कसले जोडता, प्लेटलेट्सचे डोनर बघा."

चारच दिवसांत सलाइनमधून दुसरं औषध सुरू झालं. माझी मोठी बहीण, अक्का, चिकपेटाहून मेट्रोनं डबा घेऊन आली होती. तिनं नाव विचारलं. मुग्धा म्हणाली, "आर्सेनिक."

"म्हणजे?"

"मराठीत सोमल, आत्या."

अक्कानं डबा खाली ठेवला. "सोमल? उंदराला घालतात तो? अय्यो देवा, हॉस्पिटलात बसून हिला विष घालताय तुम्ही?"

"अक्का, हळू," नंदा पडल्या पडल्या म्हणाली. "तेवीस वर्षं तुमच्या भावाच्या हातचा चहा पिऊन जगलेय. सोमलानं काय होतंय?"

ती हसली तेव्हा हिरड्यांत रक्त दिसलं. तरी आम्ही सगळे हसलो.

०

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी हाच आजार असेल तर एक सांगून ठेवतो. आम्हाला सांगितलं होतं तरी आम्ही घाबरलो, तुम्हीही घाबराल. सुरुवातीला पांढऱ्या पेशी कमी होण्याऐवजी वाढल्या. मुग्धा रोज आकडे वहीत लिहायची आणि रोज तिचं अक्षर लहान होत गेलं. मॅडम म्हणायच्या, "अडकलेला वर्ग सुटला आहे, दारात गर्दी होणारच." मग त्या गर्दीचा त्रास सुरू झाला. नंदाला ताप भरला, पाय सुजले, दोन दिवसांत वजन वाढलं, आणि श्वास घेताना तिच्या गळ्याची शीर ताठ दिसू लागली. तिला वरच्या मजल्यावर हलवलं. काचेतून बघायचं, दिवसातून दोनदा.

ते चार दिवस मी जेवलो असेन, पण मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की काचेपलीकडे नंदा ऑक्सिजनच्या मास्कमधून माझ्याकडे बघायची आणि तीन बोटं वर करायची. मला वाटायचं, ती विचारते आहे तीन वाजले का, भेटीची वेळ संपली का. मी मान हलवायचो.

पाचव्या दिवशी श्वास सुधारला.

छोट्या छोट्या गोष्टींनी जीव तगवला. तिचे केस गळले नाहीत. रोज दुपारी मुग्धा तिची वेणी घालायची. ओठ भाजल्यासारखे कोरडे पडायचे, त्यावर मॅडमना विचारून तूप लावायचो. सोमल चढवण्याआधी हृदयाची पट्टी, ईसीजी, काढायचे, ती काढणारी बाई नंदालाच अक्का म्हणायची, आणि रोज न चुकता सांगायची, "सरी अक्का, ठीक आहे, हार्ट नाचतंय छान."

आणि एक गोष्ट मुद्दाम लिहितो. शेजारच्या पलंगावर एक तरुण बाई होती. तिचाही ब्लड कॅन्सर, पण वेगळा. तिच्यासाठी अशी कॅप्सूल नव्हती, तिचे सगळे केस गेले होते. नंदाच्या वाटीकडे ती बघायची तेव्हा नंदा वाटी उशीआड करायची. हे औषध याच एका आजाराला असं लागू पडतं. दुकानातून अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणून कुणी बरं होत नाही. आम्हाला जे मिळालं ते आमच्या पुण्याईनं मिळालं, असं म्हणायची माझी तर मुळीच लायकी नाही.

०

या सगळ्यात आमच्या नात्यागोत्यात एक गोष्ट पसरली होती: दवाखान्यातल्या डॉक्टरनं घोळ घातला. कॅन्सरला डेंग्यू म्हणाला. अक्का येईल त्याला सांगायची, "मेल्यानं दोन दिवस बसवून ठेवलं पोरीला." मी ऐकायचो आणि डब्याचं झाकण लावत बसायचो.

एका दुपारी ते डॉक्टर स्वतः आले. साठीचे, शर्टाच्या खिशात दोन पेनं, हातात शहाळं. नंदाला बाहेरचं काही चालत नव्हतं म्हणून शहाळं हातातच राहिलं. कॉरिडॉरमधल्या बाकावर माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "डेंग्यू बघून बघून माझे डोळे डेंग्यूचेच झालेत. माझ्या लक्षात यायला हवं होतं. मला माफ करा."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "असू दे, सर. होतं असं."

मी त्यांना माफ केलं! ते शहाळं बाकावर ठेवून गेले. माझ्या खोट्याचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर देऊन, वर मी मोठेपणाही घेतला.

०

तिसऱ्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या, "चला, तुम्हाला एक गंमत दाखवते." मला आणि मुग्धाला त्या लॅबमध्ये घेऊन गेल्या. सूक्ष्मदर्शकाला पडदा जोडलेला होता. पहिली काच, नंदा भरती झाली त्या दिवसाची. मोठ्या, बेढब, दाणेदार पेशी, आणि एकीच्या पोटात लालसर काड्यांचा गठ्ठा, जळणाची मोळी बांधावी तसा.

"ही खूण. यावरून मी त्या दुपारी ओळखलं."

मग दुसरी काच, त्या सकाळची. पेशी आटोपशीर, आत तीन मण्यांची माळ असावी तसं केंद्र.

"ही वाढलेली, कामाची पेशी. आता नीट बघा. हिच्या पोटात काय आहे?"

मुग्धानं पडद्याला जवळजवळ नाक लावलं. "काडी आहे. एकच."

"म्हणजे ही नवी नव्हे. ही तीच. बिघडलेलीच मोठी झाली. मोळी गेली, एक काडी राहिली." मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. "इतकी वर्षं बघते आहे, तरी प्रत्येक वेळी मी उठून लॅबमध्ये येतेच."

"आता ती काय करील?" मी विचारलं.

"काय करायचं? दोन-चार दिवस काम करील, म्हातारी होईल, जाईल. तिचं नीट झालं."

मी त्या काडीकडे बघत राहिलो. अमर व्हायला निघालेली एक पेशी परत माणसात आली होती. तिनं पुन्हा मरणं कबूल केलं होतं. आणि जुनी खूण तिनं लपवली नव्हती, पोटात घेऊन ती कामाला लागली होती. एवढ्याशा पेशीला जमलं ते. तिला तीन आठवडे लागले. मला त्याहून पुष्कळ जास्त लागणार होते.

०

महिन्याभरात हाडांच्या आतला मगज तपासला, त्यात बिघडलेली पेशी दिसली नाही. पुढे कित्येक महिने डे-केअर चाललं. चार आठवडे रोज जायचं, मग सुट्टी, मग परत. नंदा खुर्चीत बसून साडीला हातानं फॉल लावायची आणि दुसऱ्या हातातून दोन तास सोमल चढायचा. शेवटच्या फेरीच्या शेवटच्या दिवशी मी तिच्या शेजारी स्टुलावर बसलो होतो.

"नंदू, त्या दिवशी दवाखान्यात मी..."

"मूरु दिवस," ती सुईवरून नजर न काढता म्हणाली.

"अहो, बाई कुठलीही भाषा शिकते ती आकड्यांपासून. नाहीतर भाजीवाला लुटेल. आणि साडीवाल्या बायका मला रोज विचारतात, 'ओंदु वार आगुत्ता?' आठवडा लागेल का? वार म्हणजे काय ते मला कळत नाही होय?"

"मग काचेआडून ती तीन बोटं..."

"मग काय, तीन वाजले म्हणून दाखवत होते? म्हटलं, आता तरी सांगा कुणाला तरी. तुम्ही आपले नंदीबैलासारखी मान हलवताय."

"तू त्याच वेळी का बोलली नाहीस?"

तिनं दोरा दातानं तोडला. "वाटलं, लाज वाटली असेल, चारचौघांत कशाला. घरी गेल्यावर सांगाल. मग नाकातून रक्त वाहायला लागलं. मग वाटलं, मलाही तोंड होतं, मोडकीतोडकी कानडी होती. 'मूरु वार' दोन शब्द मी म्हणाले असते तर?"

"म्हणजे तुलाही..."

"मग? सगळं पाप तुमच्या एकट्याच्या वाट्याला का म्हणून?"

मी तिचा सलाइन नसलेला हात धरला. म्हणालो, "माझं चुकलं. तीन आठवडे तू सांगत होतीस आणि मी मान वर केली नाही. मग भीतीनं खोटं बोललो. माझंच चुकलं."

ती सलाइनचे थेंब पडताना बघत होती. मग म्हणाली, "राग होता. श्वास मिळत नव्हता तेव्हा तर फार होता. आता पुष्कळसा गेलाय. पण मुग्धानं सांगितलं, त्या डॉक्टरांनी तुमची माफी मागितली आणि तुम्ही ती घेतलीत. एवढ्या कॅप्सुला गिळल्या हो मी, पण ते नाही मला गिळता आलं."

०

सलाइन काढल्यावर आम्ही घरी न जाता रिक्षा दवाखान्याकडे घ्यायला सांगितली. त्याआधी मी अक्काला फोन करून खरं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "अय्यो," आणि फोन ठेवला.

वाटेत नंदानं विचारलं, "काय म्हणणार?"

"तप्पु नंदु, निम्मदल्ल. चूक माझी, तुमची नाही."

"नीट म्हणा बरं. नाहीतर त्यांना वाटेल, चूक नंदूची."

बाहेर पाच-सहा पेशंट होते. आमचा नंबर आला. डॉक्टर नंदाकडे बघून उभेच राहिले, मग खुर्चीकडे हात केला, पेन काढलं, आणि पेशंट समोर आला की सवयीनं जे तोंडातून निघतं ते निघालं, "एष्टु दिवसदिंद?"

मी उभाच होतो. दार उघडं होतं, बाहेर बसलेल्यांना ऐकू जात होतं. ते मी बंद केलं नाही.

"मूरु दिवस अल्ल, सर," मी म्हणालो. "त्या दिवशी मूरु वार झाले होते. हिनं खरं सांगितलं होतं, मी तुम्हाला खोटं सांगितलं. तप्पु नंदु, सर. निम्मदल्ल."